मार्ग कोणी ठरवावा? : विद्यापीठीय संगणक-जाळ्याविषयीच्या एका निबंधाचे पुनर्परीक्षण

तंत्रविषयक निबंधाचे आयुष्य सामान्यतः अल्प असते. त्यातील सूचना व्यवहाराने स्वीकारली, तर ती पाठ्यपुस्तकांत शिरते आणि मूळ निबंध वाचण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. ती नाकारली, तर निबंध वाचण्याचे प्रयोजनच संपले असे मानले जाते. ह्या दोन्ही गतींहून निराळी गती ज्यांच्या वाट्यास आली असे निबंध थोडे. जेरोम साल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क ह्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील तिघा संशोधकांनी १९८० साली झूरिच येथील परिसंवादात सादर केलेला व १९८१ साली ग्रंथात प्रसिद्ध झालेला निबंध अशांपैकी एक होय. विद्यापीठाच्या आवारभर पसरलेल्या संगणक-जाळ्यात संदेशाचा मार्ग प्रेषकानेच ठरवावा, असे त्याचे प्रतिपादन आहे. व्यवहाराने हे उत्तर नाकारले. तथापि ज्या प्रश्नाचे हे उत्तर होते, तो प्रश्न व्यवहाराने सोडविला असेही म्हणवत नाही. म्हणून हा निबंध पुन्हा एकदा, आणि आता त्याच्या पुढे घडलेल्या इतिहासासह, वाचणे अगत्याचे आहे.

१. प्रश्नाची मांडणी

निबंधकारांचा पहिला गुण असा की, मार्गनिर्धारणाचा विचार करण्यापूर्वी त्यांनी आवार म्हणजे काय ह्याचा विचार केला. एका इमारतीतील जाळे आणि देशव्यापी जाळे ह्या दोहोंचा अभ्यास त्या काळी बराच पुढे गेलेला होता. इमारतीतील जाळ्यात मार्गाचा प्रश्नच उद्भवत नाही. त्या काळच्या ईथरनेटच्या एका तारेवर किंवा एका रिंगवर टाकलेले पॅकेट सर्व यंत्रांसमोरून जाई, व ज्याचे असेल ते यंत्र ते उचलून घेई. १९६९ साली सुरू झालेल्या आर्पानेटसारख्या देशव्यापी जाळ्यात मार्गाचा प्रश्न तीव्र होता. परंतु तेथील मधली यंत्रे एकाच व्यवस्थेच्या देखरेखीखाली होती. शिवाय दूरच्या वाहिन्या मंद व महाग असल्यामुळे प्रत्येक पॅकेटामागे मधल्या यंत्राने थोडे गणित करणे तेथे परवडत असे.

विद्यापीठाचे आवार ह्या दोन्ही साच्यांत बसत नाही. येथे यंत्रे हजारोंनी असतात, उपजाळी डझनांनी असतात. प्रत्येक विभाग आपापल्या अनुदानातून आपल्या पसंतीचे तंत्र विकत घेतो. एकाकडे रिंग, तर दुसऱ्याकडे ईथरनेट. वाहिन्या वेगवान् व स्वस्त, म्हणून तुटवडा पडतो तो दोन उपजाळ्यांना जोडणाऱ्या गेटवेच्या गणनशक्तीचा. प्राध्यापक एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जातात, तेव्हा त्यांचे यंत्रही त्यांच्याबरोबर जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, संपूर्ण जाळ्याचा बिनचूक नकाशा कोणाही एका कार्यालयापाशी नसतो. पदार्थविज्ञान विभागाच्या गेटवेची किल्ली ग्रंथालयाच्या हाती नसते, आणि ग्रंथालयाच्या गेटवेची किल्ली पदार्थविज्ञानाच्या हाती नसते. विद्यापीठातील विभागांचे परस्परसंबंध ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हे वर्णन अपरिचित वाटू नये.

२. नाव, पत्ता आणि मार्ग

जॉन शॉक ह्यांनी १९७८ साली एक भेद स्पष्ट केला होता : नाव म्हणजे आपणांस काय हवे ते, पत्ता म्हणजे ते कोठे आहे ते, आणि मार्ग म्हणजे तेथे कसे पोहोचावे ते. प्रस्तुत निबंधाचा सारा डोलारा ह्या भेदावर उभा आहे. प्रेषकास मार्ग ठरवू देण्याची कल्पनाही अगदीच नवी नव्हती. कार्ल सनशाइन ह्यांनी १९७७ साली तिची चर्चा केलेली होती. निबंधकारांचे स्वतःचे कार्य हे की, ती कल्पना त्यांनी आवाराच्या विशिष्ट परिस्थितीशी जोडली.

भेद विशद करण्यासाठी परिचित उदाहरण घेऊ. पुण्याहून नागपूरला पत्र पाठविणारा मनुष्य पाकिटावर केवळ पत्ता लिहितो. १९७२ पासून त्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड आलेला आहे. त्यातील पहिला आकडा विभाग सांगतो, पुढचे आकडे उत्तरोत्तर लहान क्षेत्र सांगतात. मधल्या प्रत्येक टपाल-केंद्राने आपल्यापुरता आकडा पाहून पत्र पुढे ढकलावयाचे. पत्र कोणत्या वाटेने गेले ह्याचा प्रेषकास पत्ता नसतो, आणि त्यास त्याची फिकीरही नसते. ह्याउलट रेल्वेने जाणारा प्रवासी तिकिटावर दौंड–मनमाड मार्गे असा निर्देश घेऊन निघतो. पत्राचा मार्ग मधली केंद्रे ठरवितात. प्रवाशाचा मार्ग त्याने निघण्यापूर्वीच ठरलेला असतो. आजचे इंटरनेट पहिल्या रीतीने चालते. निबंधकारांस आवारासाठी दुसरी रीत हवी होती.

त्यांची योजना थोडक्यात अशी. प्रेषक-यंत्र प्रथम एका मार्गदर्शक सेवेस विचारते : अमुक नावाचे यंत्र गाठावयाचे आहे, वाट कोणती? सेवा आपल्या नकाशावरून गेटवेंची क्रमवार यादी देते. प्रेषक ती यादी पॅकेटाच्या मस्तकी लिहितो. प्रत्येक गेटवेने यादीतील आपल्या वाट्याची नोंद वाचावी, तीत सांगितलेल्या दाराने पॅकेट बाहेर सोडावे, आणि जाता जाता परतीच्या वाटेची नोंद करून ठेवावी. गेटवेने ह्याहून अधिक काही स्मरणात ठेवावयाचे नाही; कोष्टक नाही, शेजाऱ्यांशी सल्लामसलत नाही. मार्गदर्शक सेवा एकच असावी असेही बंधन नाही. निरनिराळ्या सेवा निरनिराळ्या नकाशांवरून, निरनिराळ्या गरजांसाठी वाटा सुचवू शकतील.

३. योजनेचे गुण

ह्या योजनेवर प्रथमदर्शनी सुचणारा आक्षेप असा की, साऱ्या मार्गाची यादी वाहून नेण्याने पॅकेट जड होईल. हिशेब केल्यास हा आक्षेप टिकत नाही. एका गेटवेस २५६ पर्यंत दारे आहेत असे धरले, तर एका टप्प्याच्या नोंदीस ८ बिट पुरतात. सहा टप्प्यांच्या वाटेस ६ बाइट. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीत प्रेषक व ग्राहक ह्यांचे ३२ बिटांचे दोन पत्तेच मुळी ८ बाइट घेतात. परतीची नोंद वापरून झालेल्या नोंदीच्या जागी करता येत असल्याने तिलाही निराळी जागा लागत नाही. अर्थात् हा हिशेब प्रस्तुत परीक्षकाचा आहे. पण आवाराचा व्यास लहान असतो ही निबंधकारांची मूळ जाणीवच त्यातून पुढे येते.

दुसरा गुण अधिक मोलाचा आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. तो म्हणजे दोष कोठे आहे हे शोधण्याची सोय. मार्ग प्रेषकाच्या हाती असेल, तर तो एक चाचणी-पॅकेट पहिल्या गेटवेपर्यंत पाठवून परत आणवू शकतो, मग दुसऱ्यापर्यंत, मग तिसऱ्यापर्यंत. ज्या टप्प्यावर पॅकेट परत येणार नाही, तेथे दोष. मग तो दुसऱ्या वाटेने जाऊन तोच टप्पा पलीकडून तपासू शकतो. ह्यासाठी कोणाही विभागाची परवानगी, कोणाही कार्यालयाचे सहकार्य लागत नाही. ज्या आवारात नकाशा कोणापाशीच पूर्ण नाही, तेथे ही सोय नुसती सोय राहत नाही. जाळे चालू ठेवण्याची ती अटच होऊन बसते.

४. इतिहासाचा निकाल

व्यवहाराने निराळी वाट धरली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेफ्री मोगल ह्यांनी १९८४ साली आर. एफ. सी. ९१७ ह्या टिपणात, आणि जॉन पोस्टेल ह्यांच्यासह १९८५ साली आर. एफ. सी. ९५० ह्या मानकात, एकाच संस्थेच्या पत्त्यांची उपजाळ्यांत विभागणी करण्याची रीत घालून दिली. तिचे सामर्थ्य साध्या अंकगणितात आहे. संस्थेस मिळालेल्या पत्त्यात मोकळे १६ बिट असतील, तर त्यांपैकी ८ उपजाळ्याच्या क्रमांकासाठी व ८ यंत्रासाठी ठेवता येतात. मग दहा हजार यंत्रांच्या आवारात गेटवेस दहा हजार नोंदी न ठेवता फार तर २५६ नोंदी ठेवाव्या लागतात. पिनकोडाचेच हे तत्त्व.

उपजाळी ठरल्यावर गेटवेंनी एकमेकांस वाटा कशा कळवाव्यात हा प्रश्न उरतो. १९८८ साली आर. एफ. सी. १०५८ मध्ये नोंदविलेली रिप ही पद्धती शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबते : दर ३० सेकंदांनी प्रत्येक गेटवे आपली अंतरे शेजाऱ्यांस कळवितो, व १५ टप्प्यांपलीकडचे सारे अगम्य मानले जाते. ही ऐकीव माहिती असल्याने एका विभागाच्या चुकीच्या यंत्राने प्रत्येक ठिकाण आपल्यापासून एका पावलावर आहे असे पुकारले, तर सारे आवार त्यावर विश्वास ठेवते. पुढे आलेल्या ओ. एस. पी. एफ. पद्धतीत प्रत्येक गेटवे संपूर्ण क्षेत्राचा नकाशा स्वतःपाशी बाळगतो आणि डाइक्स्ट्रा ह्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने लघुतम वाटा काढतो. गणिताच्या दृष्टीने हे निःसंशय श्रेष्ठ. परंतु त्याची अट पाहावी : सर्वांचे नकाशे तंतोतंत एक असले पाहिजेत, आणि प्रत्येक दुव्याचे मूल्य सर्वांनी प्रामाणिकपणे व एकाच मापाने सांगितले पाहिजे. म्हणजेच साऱ्या गेटवेंवर एकच हुकमत असली पाहिजे. निबंधकारांनी जी परिस्थिती गृहीत धरली होती, तीच येथे रद्द होते. विद्यापीठांनी मध्यवर्ती संगणक-कार्यालये उभारली, विभागांच्या गेटवेंच्या किल्ल्या त्यांच्या हाती सोपविल्या, आणि मगच ही पद्धती सुखाने चालू लागली. जे श्रेय सामान्यतः गणिताला दिले जाते, त्यातील बराचसा भाग प्रशासनाचा आहे.

जेथे हे प्रशासन गणितामागे पडले, तेथे काय घडते ह्याचेही उदाहरण आहे. मार्गनिर्धारण टाळून उपजाळी नुसत्या पुलांनी जोडण्याची एक सोपी रीत प्रचारात होती. रेडिया पर्लमन ह्यांनी १९८५ साली मांडलेली विस्तार-वृक्षाची पद्धती अशा जाळ्यात पॅकेटे चक्रात फिरत राहू नयेत म्हणून काही दुवे बंद ठेवते. ही पद्धती सुंदर आहे. पण तिच्या कालमर्यादांचे प्रमाणित आकडे सुमारे सात पुलांच्या व्यासापुरते बेतलेले आहेत. बॉस्टन येथील बेथ इझ्राएल डीकनेस ह्या रुग्णालयाचे जाळे तुकड्यातुकड्याने वाढत ह्या मर्यादेपलीकडे गेले होते. १३ नोव्हेंबर १९०२ नव्हे, तर अगदी अलीकडे, २००२ सालच्या १३ नोव्हेंबरास ते कोसळले, आणि सुमारे चार दिवस त्या आधुनिक रुग्णालयास औषधांच्या व तपासण्यांच्या नोंदी कागदावर कराव्या लागल्या. दोष कोठे आहे हे शोधण्यातच पुष्कळ वेळ गेला. निबंधकारांनी दोषशोधनावर दिलेला भर अकारण नव्हता, हे येथे ध्यानी यावे.

५. आक्षेप

असे असूनही निबंधाचे उत्तर जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. त्यावर तीन आक्षेप घ्यावे लागतात.

पहिला आक्षेप शिळ्या मार्गाचा. मधला दुवा तुटला, तर त्याच्या शेजारचा गेटवे ते सर्वांआधी जाणतो. पत्त्यावर चालणाऱ्या जाळ्यात तो तेथल्या तेथे वाट बदलतो. निबंधाच्या योजनेत त्याने ती बदलावयाची नाही. प्रेषकाने उत्तराची वाट पाहावी, मौनावरून अनुमान करावे, आणि दुसरी यादी मागावी. टोकाच्या यंत्रांनीच अखेरची जबाबदारी घ्यावी, हे ह्याच तिघांनी अन्यत्र मांडलेले प्रसिद्ध तत्त्व येथे लागू केलेले दिसते. फाइल पाठविताना ते निभावते. चालू संभाषण वाहून नेताना निभावत नाही. प्रतिपक्षाचा पराक्रमही वाढवून सांगू नये. ओ. एस. पी. एफ.चे रूढ आकडे घेतले, तर केवळ शेजाऱ्याच्या मौनावरून तो गेला असे ठरविण्यास ४० सेकंद लागतात. तथापि तार तुटल्याचे यंत्रास प्रत्यक्ष कळते तेव्हा हा विलंब उरत नाही, आणि आवारात तसे पुष्कळदा घडते.

दुसरा आक्षेप विश्वासाचा, व तो प्राणघातक आहे. निबंधातील प्रेषक हा आपले काम त्वरित व्हावे असे इच्छिणारा, पण निरुपद्रवी गृहस्थ आहे. इंटरनेटच्या १९८१ सालच्या मानकात प्रेषकनियोजित मार्गाची मुभा होती. पर्यायांसाठीच्या ४० बाइटांत नऊ पत्ते बसत. १९८९ साली स्टीव्हन बेलोव्हिन ह्यांनी दाखविले की, ग्राहक उत्तर त्याच वाटेने उलट पाठवीत असेल, तर कोणीही परक्याचे नाव धारण करून, वाटेत स्वतःस गोवून, त्याची उत्तरे आपल्याकडे वळवू शकतो. सहाव्या आवृत्तीत ही मुभा पुन्हा आली. तेव्हा असे आढळले की, यादीत त्याच दोन गेटवेंची नावे आलटून पालटून लिहिल्यास एकच पॅकेट त्यांच्यामध्ये अनेक वेळा येरझारा घालते आणि दुवा गुदमरतो. २००७ साली आर. एफ. सी. ५०९५ ने ती मुभा काढून घेतली. जो गेटवे काहीही स्मरत नाही व काहीही विचारत नाही, तो आज्ञा देणाऱ्याची पारखही करू शकत नाही. गेटवेचा साधेपणा हा ह्या योजनेचा मुख्य गुण, आणि तिचे मर्मस्थानही तेच.

तिसरा आक्षेप प्रमाणाचा. नकाशा अद्ययावत् ठेवण्याचे काम निबंधाने गेटवेंकडून काढून मार्गदर्शक सेवेकडे दिले. पण ती सेवा नकाशा मिळविणार कोठून? विभाग जर एकमेकांस विचारत नसतील, तर दुवे बदलल्याचे ते सेवेस तरी का कळवितील? येथे निबंधकारांनी तांत्रिक अडचण एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवली आहे. प्रशासकीय अडचण होती तेथेच राहिली.

६. कल्पनेचे पुनरागमन

नाकारलेल्या कल्पना कधी कधी वेश पालटून परत येतात. २००७ साली स्टॅनफर्ड येथील मार्टिन कासाडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेन ह्या नावाची रचना प्रसिद्ध केली व ३०० हून अधिक यंत्रांवर ती चालवून दाखविली. तीत प्रत्येक नव्या संभाषणाचा मार्ग एक मध्यवर्ती नियंत्रक ठरवितो. मधली यंत्रे केवळ आज्ञा पाळतात. पुढल्याच वर्षी निघालेल्या ओपनफ्लो ह्या निबंधाच्या शीर्षकातच विद्यापीठीय जाळ्यांचा निर्देश आहे. साध्या गेटवेंची व मार्गदर्शक सेवेची १९८० सालची जोडी येथे ओळखू येते. भेद इतकाच की, सेवा आता आपला निर्णय प्रेषकास न सांगता गेटवेस सांगते. २०१८ सालच्या आर. एफ. सी. ८४०२ मधील सेगमेंट राउटिंग ह्या रचनेत तर पॅकेटावर मार्गाची यादी पुनश्च प्रत्यक्ष अवतरली. परंतु ती यादी लिहिण्याचा अधिकार जाळ्याच्या सीमेवरील विश्वासू यंत्रांपुरता राखलेला आहे.

ह्या दोन्ही पुनरागमनांतून एकच निष्कर्ष निघतो. मार्ग आधी ठरवून पॅकेटाबरोबर पाठविण्याचे तंत्र सदोष नव्हते. व्यवहाराने नाकारला तो सामान्य उपयोजकाचा मार्ग ठरविण्याचा अधिकार. तंत्र स्वीकारले गेले, आणि अधिकार मध्यवर्ती कार्यालयाकडे गेला. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच झाले, हे दुसऱ्या आक्षेपावरून मान्य केले पाहिजे. पण त्याबरोबर दोष शोधण्याची उपयोजकाची शक्तीही गेली, हेही नमूद केले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसन ह्यांनी रचलेली ट्रेसराउट ही युक्ती पॅकेट कोणत्या गेटवेंवरून गेले हे बहुधा दाखविते. ती परतीची वाट दाखवीत नाही, आणि दुसरी वाट तपासूही देत नाही. उपयोजकास दृष्टी थोडी मिळाली. हात मिळाले नाहीत.

७. उपसंहार

साल्ट्झर, रीड व क्लार्क ह्यांच्या निबंधाचे मूल्यमापन करताना म्हणून दोन गोष्टी पृथक् ठेवाव्यात. उत्तर म्हणून तो अपुरा आहे : प्रेषकाच्या सद्भावावर त्याने नको तितका भार टाकला, आणि नकाशा कोण राखील ह्या प्रश्नास बगल दिली. प्रश्नाची मांडणी म्हणून मात्र त्याची बरोबरी करील असे लेखन ह्या विषयात विरळा. लघुतम वाट कशी काढावी हे १९५९ पासून ज्ञात आहे. मोठ्या आवाराच्या जाळ्याची अडचण तेथे कधीच नव्हती. वाट ठरविण्याचा अधिकार कोणाचा, नकाशा राखण्याचे कर्तव्य कोणाचे, आणि बिघाड झाला असता तो कोठे आहे हे पाहण्याची मुभा कोणास, हे तीन प्रश्न ज्याने आधी सोडविले नाहीत, त्याची उत्तम पद्धतीही एखाद्या नोव्हेंबरात कोसळते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ह्या निबंधाचे वाचन सुचवावयाचे ते ह्यासाठी. वाचून झाल्यावर त्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या आवारात एक प्रयोग करावा. वसतिगृहातील आपल्या खोलीपासून ग्रंथालयाच्या संगणकापर्यंत किती गेटवे लागतात, त्यांतील प्रत्येक कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्यांतील तिसरा बंद पडल्यास ते कोणास कसे कळेल, एवढेच लिहून काढावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देईल. उरलेल्या दोहोंसाठी माणसांस विचारावे लागेल, आणि जाळ्याच्या रचनेचा खरा अभ्यास तेथून सुरू होईल.